मक्याच्या शेतातील माझ्या नावाची पाटी काढून मला घरी जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय कृषी विस्तार अधिकारी,
नामसेंगा विभाग कार्यालय.

विषय : माझी पत्नी एलिनाती फिरी हिच्या शेतातील माझ्या नावाची पाटी काढून मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) त्यांना मिळालेली आपली उत्तरे, ज्यांमुळे हा तिसरा अर्ज करणे भाग पडले.

महोदय,

मी, खाली सही करणार, कालिंबुका गावचा जावई, आपणांस सविनय कळवितो की, माझ्याच नावाच्या पाटीने मला घराबाहेर काढले आहे.

आमच्या चेवा लोकांत शेत आईकडून लेकीकडे जाते आणि पुरुष लग्नानंतर कुदळ व चटई घेऊन बायकोच्या गावी नांदायला येतो, हे आपणांस सांगायला नको. परंतु आपले कृषी सहाय्यक श्री. म्हांगो उत्तरेकडचे. त्यांच्याकडे शेत बापाचे. मक्याच्या पीक प्रात्यक्षिकासाठी जागा बघायला ते आले तेव्हा मी सऱ्या ओढत होतो. त्यांनी "शेत कोणाचं?" असे विचारले. मी "आमच्या घरचं" म्हणालो. मग त्यांनी माझे नाव विचारले, तेही सांगितले. नाव विचारल्यावर माणूस सांगतोच. पुढे बांधावर सिमेंटमध्ये खांब रोवून लोखंडी पाटी उभी राहिली : 'आदर्श शेतकरी लेविसोनी कान्योंगोलो यांचे शेत'.

पाटी वाचून पत्नी आधी हसली. "बरं झालं बाई, कळलं तरी. इतके दिवस मी स्वतःलाच मालकीण समजत होते," असे ती म्हणाली. सासूबाई हसल्या नाहीत. आमच्यात सासू जावयाशी थेट बोलत नाही, म्हणून त्या कोंबडीशी बोलल्या, पण मला ऐकू जाईल अशा बेताने : "ऐकलंस का गं बाये? तू घाल अंडी, नाव कोंबड्याचं लागणार आहे." तेव्हापासून ती कोंबडी रोज काही ना काही ऐकून घेत आहे.

पत्नीचे मामा श्री. जोस्टेनी हे त्या घराचे कर्ते. त्यांनी आंब्याखाली सगळ्यांना बसवून ठरवून दिले की, पाटी आहे तोवर कणसाला कोणी हात लावायचा नाही. "जावईबापूंनी खुडली तर शेत त्यांचं झालं. आमच्या पोरींनी खुडली तर त्या यांच्या मजूर झाल्या," असे त्यांचे म्हणणे. त्यात खोट काढता येईना.

सबब मी पहिला अर्ज केला. त्यावर आपण कळविले की, पाटीवरील मजकूर बदलण्यास शेतमालकाची लेखी संमती लागेल. पत्नीने संमती लिहून दिली. ती संमती परत आली, कारण पाटीवर पत्नीचे नाव नाही. मग दुसऱ्या अर्जात 'शेतमालक' या शब्दापुढे मीच सही करून लिहून दिले की, मी शेतमालक नाही. हे मामांच्या कानावर गेले. "आता तर सहीनिशी मालक झालास की रे गड्या!" असे ते चारचौघांत म्हणाले.

दरम्यान मी पाटीवर खताचे रिकामे पोते चढविले. श्री. म्हांगो यांनी ते उतरवून, सरकारी मालमत्तेला पुन्हा हात लावल्यास पोलिसांत देईन अशी समज दिली. मी खांबाशी भोपळा लावला. त्याचा वेल साऱ्या शेतात फिरला, खांबावर तेवढा चढला नाही. श्री. म्हांगो मनाने वाईट नाहीत. "अहो भाऊ, लोक पाटीसाठी माझ्या पाया पडतात आणि तुम्ही रडताय काय?" असे ते मला म्हणाले.

दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात आपण माझ्या सहकार्याची प्रशंसा केली आणि डांबरी रस्त्यावर आणखी एक पाटी लावली. ती मोठी असून तिच्यावर माझा फोटो आहे.

त्याच संध्याकाळी मामांनी माझी कुदळ व चटई अंगणात आणून ठेवली. आमच्यात याहून जास्त बोलावे लागत नाही. मी माझ्या आईच्या गावी गेलो. तेथील शेत बहिणींचे, आणि त्यात त्यांचे नवरे राबतात. धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तुझं शेत तर रस्त्यावर फोटोसकट आहे. आमच्या वीतभर तुकड्यात कशाला शिरतोस?"

महोदय, मका वाळून उभा आहे. ताटांना वाळवी लागली असून खाली पडलेली कणसे उंदीर नेत आहेत. घराला वर्षभर न्सिमा शिजवायचे पीठ त्या कणसांत आहे. प्रात्यक्षिक पाहणाऱ्या पाहुण्यांची तारीख पुढे गेल्याचे समजते. ते येतील तेव्हा मी पाटीशेजारी हजर राहावे असा आपला आदेश आहे, आणि त्या शेतात पाऊल टाकू नये असा मामांचा. मी दोघांनाही होय म्हणून बसलो आहे.

सध्या माझा मुक्काम आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात आहे. काल एलिनाती येथे आली. तिने उसन्या पिठाची न्सिमा आणली होती. मी जेवेपर्यंत ती बसून राहिली. "तुम्ही नसलात की घर खायला उठतं," ती म्हणाली, "पण ती पाटी निघाली तरच या. मामांपुढे माझं काही चालत नाही." ती गेल्यावर मला फार रडू आले. आपल्या शिपायाने ते पाहिले असल्याने येथे नमूद करीत आहे.

तरी दोन्ही पाट्या काढण्यात याव्यात, ही विनंती. त्याबदली दुरुस्तीची, सत्काराची वा अन्य कोणतीही पाटी देऊ नये. लवकर काढल्यास निम्मी कणसे तरी हाती लागतील. त्या शेतातले मला काही नको, पूर्वीसारखे राबू द्यावे आणि संध्याकाळी घरी जाऊ द्यावे.

आपला नम्र,

एलिनातीचा नवरा
(सहीखाली नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ते जिथे लिहिले जाते ते माझे होऊन बसते, आणि मला आपले कार्यालय नको आहे.)

स्थळ : कार्यालयाचा व्हरांडा
दिनांक : जूनचा पहिला सोमवार

सोबत : पाटीचे बोल्ट सोडविण्याचा पाना, एक. (शेजाऱ्याचा आहे. काम होताच तो व मी, दोघांनाही कालिंबुका येथे परत पाठवावे.)