अग्नीचे आसन

ज्याने देह दिला आणि तो परत मागण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला, त्याचे स्मरण करून मी, घडीच्या चुली बनवणाऱ्या कारखान्याची मालकीण, पत्र्याचे काम करणाऱ्या दिवंगत कारागिराची पत्नी आणि दोन मुलांची आई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे. ऐकू कमी येते. परंतु मृत्युपत्र लिहिण्यास कान लागत नाहीत, असे डॉक्टरीणबाईंनी प्रमाणपत्र देताना सांगितले. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ते आणू शकेल असा एकच मनुष्य होता व तो माझ्याआधी गेला. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात कायदा कमी आणि राग फार होता.

कलम १. राहते घर थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना समान हिश्श्याने द्यावे. खालचा मजला थोरल्याकडे, वरचा धाकटीकडे. गच्ची धाकटीचीच, कारण घरात पलंग असताना ती तेथे तंबू ठोकून झोपते आणि तिला ते सुख वाटते. बँकेतील शिल्लक दोघांत निम्मी. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

कलम २. माझे धर्मग्रंथ गावच्या वाचनालयास द्यावेत. समासात पेन्सिलीने केलेल्या टिपा माझ्या आहेत. त्यांतील काही चुकीच्या असतील, तरी पुसू नयेत. पुढच्या वाचकास भांडायला कोणीतरी हवे.

कलम ३. माझ्या स्वतःच्या पाठपिशवीतील सामान, म्हणजे एकात एक बसणारी दोन पातेली, स्पिरिटचा छोटा स्टोव्ह, चकमक, वाऱ्याला आड धरायचा घडीचा पत्रा आणि लांब दांडीचा चमचा, हे धाकटीस द्यावे. पातेले काटक्यांच्या आचेवर चढवण्यापूर्वी त्याला बाहेरून साबणाचा हात फिरवावा, म्हणजे काजळी धुताना सहज निघते, हे मी तिला ती शाळेत होती तेव्हापासून सांगत आले. तिने ते एकदाही केले नाही. पातेली त्यामुळे तळाशी कोळशासारखी झाली आहेत. ती तशीच द्यावीत; ज्याचे त्याला.

कलम ४. गरम पातेले उचलण्याची पोलादी पकड मी माझ्या दिरांना देत आहे. ती त्यांच्याकडेच आहे. एका सहलीत त्यांनी ती 'जरा द्या हो वहिनी' म्हणून घेतली व पुढच्या सहलीत तिच्यावर स्वतःच्या नावाचे अक्षर कोरून आणले. मी देत आहे एवढ्यासाठी की, जे आपण दिले ते गेले म्हणून मन दुखत नाही. भावजींनी हे कलम सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे.

कलम ५. आता कारखाना. त्याचा निवाडा करण्यापूर्वी मागील हकिगत सांगणे भाग आहे, नाहीतर पुढील अट म्हातारीचा विक्षिप्तपणा वाटेल.

यजमानांनी बनवलेली पहिली चूल तीन पत्र्यांची होती. खाचांत खाच अडकवली की उभी राही, सोडवली की पुस्तकासारखी पिशवीत जाई. काटक्यांवर चाले, त्यामुळे इंधन वाहण्याचे कारण नव्हते. कारखान्यामागच्या गवतावर आम्ही ती प्रथम पेटवली. पाणी झटकन उकळले. चूल उचलली तेव्हा खाली गवताचा चौकोन काळा पडला होता. यजमान म्हणाले, गवत काय, पुन्हा येईल.

त्या दिवसांत माझे वाचन चालले होते त्यात अग्नीला अतिथी म्हटले आहे. मी म्हणाले, "पाहुण्याला बोलावलंत आणि बसायला काही दिलं नाहीत. मग तो बसला तिथलंच खाल्लं, यात त्याचा काय दोष?"

त्यांनी चहा संपवला. बिस्किटाच्या डब्याचे झाकण घेतले, कातरीने कापले, चारही कोपरे खाली दुमडून त्याला पाय केले आणि चुलीखाली सरकवले. निखारे त्यावर पडू लागले. खालच्या गवताला नुसती ऊब लागली. त्या पत्र्यास आमच्या कारखान्यात तेव्हापासून 'आसन' म्हणतात. खोक्यात आधी आसन ठेवायचे, मग भिंती, ही येथील रीत आहे. कातरकाम करणारे आमचे जुने कारागीर फारसे बोलत नाहीत. परंतु माल बाहेर पडताना 'आसन दिलं का?' एवढे विचारल्यावाचून त्यांनी खोके कधी बंद होऊ दिले नाही.

कलम ६. थोरल्यावर अन्याय होऊ नये म्हणून त्याची बाजूही लिहिते. तो लोभी नाही. डोंगर चढणारी मंडळी बदलली हे त्याने माझ्याआधी ओळखले. ओझे कमी व्हावे म्हणून दात घासण्याच्या ब्रशाची दांडी कापणारे आणि सदऱ्याची मागची चिठ्ठी उसवणारे गिऱ्हाईक आता येते. ते आमची चूल हातात घेत, तोलत आणि परत ठेवत. यंत्रांवर चादरी पडू लागल्या. तेव्हा थोरल्याने टायटॅनियमचा पत्रा आणला, भिंतींना जाळीसारखी भोके पाडली, आसन काढून टाकले आणि पिसासारख्या हलक्या त्या चुलीचे नाव 'पीस' ठेवले.

मी नको म्हणाले. तो म्हणाला, "आई, लोक दुकानात तराजू घेऊन येतात, पोथी घेऊन नाही."

वाक्य चांगले बांधलेले होते, म्हणून मी हरकत मागे घेतली. 'पीस' खपली. यंत्रांवरच्या चादरी निघाल्या. हेही नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

पुढे एके दिवशी एक निवृत्त पोस्टमन 'पीस' आणि एक डबा घेऊन दुकानात आले. डब्यात जळलेल्या मातीचे ढेकूळ होते. सूचिपर्णी झाडांखाली त्यांनी रात्रीचे जेवण रांधले, चूल विझवली, राखेवर पाणी शिंपडले आणि तंबूत झोपले. आग मात्र वाळलेल्या पानांच्या थरात खाली उतरली होती. ती आतल्या आत सरकत गेली आणि पहाटे तंबूच्या कडेला वर आली. पिण्याचे सगळे पाणी ओतून आणि हाताने माती उकरून त्यांनी ती मारली. कोणास इजा झाली नाही. झाडाचे एक मूळ जळाले.

थोरला त्यांना शांतपणे म्हणाला, "काका, चुलीखाली सपाट दगड घ्यायचा असतो. हे काय सांगावं लागतं?"

"म्हणजे दगड मी वाहायचा," पोस्टमन म्हणाले, "आणि हलकी चूल तुम्ही विकायची."

थोरल्याने किंमत परत देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही; ढेकूळ मात्र गल्ल्याशेजारी ठेवून गेले. 'पीस'च्या खोक्यावर आता 'खाली दगड ठेवावा' अशी ओळ छापलेली असते. माझ्या चष्म्यातून ती वाचता येत नाही. भूमीवर पाऊल टाकण्याआधी तिची क्षमा मागावी असे शास्त्र सांगते. निखारा टाकण्याआधी बारीक अक्षरांत छापावे असे कोठे सांगितल्याचे मला आढळले नाही.

आम्हा मायलेकांत अबोला नाही. जेवण, औषधे आणि हवा यांवर नित्य बोलणे होते. चुलीविषयी होत नाही.

कलम ७. माझ्या पश्चात हे मृत्युपत्र कारखान्यामागच्या त्याच गवतावर वाचावे. वाचन संपल्यावर थोरला व धाकटी यांनी आपापल्या पसंतीची, आपल्याच कारखान्यात स्वतःच्या हाताने जुळवलेली चूल गवतावर मांडावी आणि जमलेल्यांसाठी पातेलेभर भात शिजवावा. खाली दगड, वीट अथवा फरशी घेऊ नये, कारण वाटेत ती मिळेलच असे नाही. भात कच्चा राहिला वा लागला तरी सर्वांनी निमूट खावा. भावजींनी मत देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही साक्षीदारांनी गवत पाहावे. ज्याच्या चुलीखालचे गवत हिरवे असेल त्यास कारखाना, यंत्रे, साचे, शिल्लक माल व नाव यांसह द्यावा. दोन्हीकडचे हिरवे असेल तर दोघांस मिळून. दोन्हीकडचे करपले असेल तर जुन्या कारागिरांस. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "नको हो बाई, पोरं करतील नीट."

धाकटीने आसन कधी काढलेले नाही. तिला कारखान्यात रस नाही, हेही मला ठाऊक आहे. रुग्णालयातील तिची नोकरी तिला प्रिय आहे. म्हणून ही अट कोणासाठी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

कलम ८. मी डाव साधला असे पुढे कोणी म्हणू नये, यासाठी हे कलम. 'पीस'च्या मापाचे एक आसन मी कारागिरांकडून कापून घेतले आहे, थोरल्यानेच आणलेल्या पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यातून. ते किती हलके आहे हे लिहीत नाही. तो तराजू आणेलच. कारखान्यातल्या तराजूखालच्या खणात ते उघडे ठेवले आहे. त्या खणात त्याचा हात रोज जातो. ते तेथे ठेवून बरेच दिवस लोटले आणि त्याविषयी आम्ही दोघेही बोललो नाही. काल मी खण उघडून पाहिला. सगळ्या वस्तूंवर पत्र्याचा कीस बसला होता, आसनावर नव्हता. ते मी पुसलेले नाही. कारागिरांनाही विचारले, त्यांनी मान हलवून नाही म्हटले.

तेव्हा त्या दिवशी थोरल्याने ते चुलीखाली सरकवले, तर तो आईपुढे नमला असे कोणी म्हणू नये, धाकटीने तर मुळीच नाही. घरी पाहुणा आला आणि यजमानाच्या मुलाने त्याला बसायला दिले, एवढेच म्हणावे, आणि भात वाढून घ्यावा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, ती माझी आहे व तीवर माझी सही आहे.

साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई, शेजारच्या दवाखान्याच्या. २. निवृत्त पोस्टमन, कलम ६ मधील. साक्षीदारास मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकिलांनी सांगितल्यामुळे दोघांना चहा आत्ताच पाजला आहे. पाणी जुन्या चुलीवर उकळले.

सही : थोरल्याची व धाकटीची आई
दिनांक : नोंदणीच्या शिक्क्यावर आहे तो
स्थळ : कारखान्यामागची मोकळी जागा. गवत हिरवे.