गडगडीची शेड कोणाला

मी, खाली सही करणारी, वय एकावन्न, धंदा दुसऱ्यांच्या वतीने पडणे, हा कागद स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ते वेळोवेळी आपटलेलं असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या आठवड्यात माझा उजवा खुबा बदलायचा आहे. शस्त्रक्रिया साधी आहे म्हणतात. पण ‘साधी उडी आहे’ असं कोणी म्हटलं, की मी आधी खाली काय अंथरलंय ते बघते. या कागदामागे एवढंच. मरायची मला अजिबात घाई नाही.

वकीलबाई म्हणतात, पूर्वपीठिका थोडक्यात हवी. वडील शाळेत संस्कृत शिकवत. सकाळी त्यांच्यासमोर बसून धातू चालवायचे, संध्याकाळी त्याच शाळेच्या गुळगुळीत व्हरांड्यात चार चाकांची फळी चालवायची, असं माझं बालपण. बाबा व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून म्हणत, “पड खुशाल, पण रूप चुकवू नकोस.” पुढे स्केटबोर्डिंगच्या स्पर्धा जिंकले, काही हरले, पोट दोन्हींनी भरलं नाही. मग एकदा दूरचित्रवाणीच्या स्टुडिओबाहेर कठड्यावरून फळी सटकली आणि मी पायऱ्या न मोजता खाली पोचले. तिथे चहा पीत उभे असलेले स्टंटमास्तर धावत आले. लागलं का, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “पुन्हा अशीच पडशील?”

तेव्हापासून मालिकांतल्या ज्या ज्या बाईला जिन्यावरून ढकललं गेलं, ती पाठमोरी मी. सेटवर मला गडगडी म्हणतात. हा किताब मला मान्य आहे.

कलम १. राहतं घर, दोन खोल्यांचं, माझ्यासोबत राहणाऱ्या शिंपीणबाईंना द्यावं. माझ्या प्रत्येक पोशाखाच्या आत कोपराला नि गुडघ्याला त्यांनी गादी शिवली, म्हणून मी आज सही करण्याइतकी शाबूत आहे. खिडकी उघडी की बंद, हा आमचा जुना वाद मी या कलमाने हरत आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक तालमीत जायबंदी होणाऱ्या मुलींच्या औषधपाण्यासाठी ठेवावी. माझा मोठा फोटो, त्याला चौकट आणि त्यासमोर भाषण, यांवर त्यातलं काहीही उधळू नये.

कलम ३. लांब केसांचा टोप त्या नायिकाबाईंना द्यावा, ज्यांनी मुलाखतीत सांगितलं की “माझे सगळे स्टंट मीच करते.” मुलाखत मी रुग्णालयात पाहिली, हात गळ्यात होता, त्यामुळे टाळ्या वाजवता आल्या नाहीत. बाईंवर राग नाही. होता, तो टोपाबरोबर जात आहे.

कलम ४. माझी पहिली फळी कोणालाही देऊ नये. तिला वाळवी लागली आहे आणि स्मारक होण्याइतकी तिची योग्यता नाही. चाकं मात्र चांगली आहेत, ती काढून घ्यावीत.

<s>कलम ५. तालमीची शेड, रॅम्प आणि गाद्यांसह, निम्मी भाचीला आणि निम्मी दादाला. दादाच्या निम्म्याला एक अट: भाचीच्या पहिल्या उंच उडीला खोकी त्याने स्वतः मांडावीत आणि ‘ये’ म्हणावं.</s>

कलम ५ खोडले आहे. खाडाखोडीचा खुलासा लिहावा लागतो, तो असा.

दादा माझा मोठा भाऊ. त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. उंचावरून पडायचं तर आम्ही खाली रिकामी खोकी रचतो, कोपरे कापून, म्हणजे ती अंगाखाली हळूहळू बसतात. आणि आमच्यात रीत अशी, की जो खोकी मांडतो त्यानेच ‘ये’ म्हणायचं. तो म्हणेपर्यंत दिग्दर्शकाने घसा फोडला तरी वरचा माणूस हलत नाही. माझ्या आयुष्यातलं प्रत्येक खोकं दादाच्या कारखान्यातून आलं. मला पडताना मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, याच धंद्यात शिरली, तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नाही. खोकी येतात, बाप येत नाही.

आज शेडमध्ये हे लिहीत असताना खोक्यांच्या गाडीबरोबर तो स्वतः आला. भाची मागे गाद्या झटकत होती. माझ्या शेजारी बसलेल्या वकीलबाईंच्या हातातला मसुदा त्याने उभ्या उभ्या वाचला.

“ही लाच आहे का गं?”

“हो,” मी म्हटलं.

“अट तुझ्या मृत्युपत्रात. म्हणजे तू जाईपर्यंत पोरगी वर कठड्यावर उभी राहणार?”

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. चूक अर्थातच माझी होती, आणि ती काढायला पुठ्ठेवाला यावा लागला.

“उडी कधी आहे?” त्याने विचारलं. मला नाही, मागच्या बाजूला.

गाद्या झटकण्याचा आवाज थांबला. “उद्या सकाळी, बाबा.”

“खोकी कोण मांडतंय?”

“आत्या मांडणार होती. पण तिला वाकता येत नाही.”

“मग काय, चहावाल्याला सांगणार होतीस?” तो खाली बसला, एक खोकं ओढलं. “माल माझा आहे. कुठे बसतो, कुठे फाटतो, मला कळतं. कोपरा किती कापायचा, दाखव.”

भाचीने दाखवलं. “एवढा?” “थोडा कमी, बाबा.” “मग नीट बोट ठेवून दाखव की!” इतक्या दिवसांनी पहिलंच भांडण झालं, आणि ते ऐकायला बरं वाटलं.

वकीलबाई म्हणाल्या, दाखला घेऊन आलेले डॉक्टर एक साक्षीदार झाले, अजून एक कमी आहे. पण दादा चालणार नाहीत, कारण मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याची साक्ष त्या घेत नाहीत.

“मग माझं निम्मं काढा,” दादा कापता कापता म्हणाला. “शेड पोरीला द्या सगळी. आणि साक्षीला माझं नाव घाला.”

म्हणून सुधारित कलम ५. तालमीची शेड, रॅम्प आणि गाद्यांसह, संपूर्णपणे भाचीला. अट कोणतीही नाही.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

स्थळ: तालमीची शेड, रॅम्पच्या पायथ्याशी.
दिनांक: ४ मार्च, दुपार.

लिहून देणार: (सही) गडगडी

साक्षीदार १: (सही) हाडांचे डॉक्टर. लिहून देणारीला आतून बाहेरून ओळखतो.

साक्षीदार २: (सही) मोठा भाऊ, पुठ्ठेवाला. उद्या सकाळी ‘ये’ मी म्हणणार आहे. तोपर्यंत कोणी उडी मारायची नाही.