रोहेकराची वेळ संपली

३ फेब्रुवारी
लिही गो मनीषा. नुसती हसू नको.
आज माझा उंट गेला. फुकट. मोतीबिंदूवर खापर फोडलं असतं, पण ऑपरेशन झाल्यापासून डोळा चांगला दिसतो, म्हणजे अक्कलच कमी पडली. समोरचा खेळणारा रोह्याचा, नाव संदीप. घरात आम्ही त्याला रोहेकर म्हणतो. तोंड पाहिलेलं नाही. त्याची चाल मोबाईलवर येते, ही मनीषा, माझी सून, ती माझ्या लाकडी पटावर मांडते, मी सोंगटी हलवते, ती तिकडे दाबते. एका चालीला तीन दिवस. जिल्ह्याची बुद्धिबळाची स्पर्धा. हा डाव जिंकला की फायनल.
नात अलिबागला नर्सिंगला. हॉस्टेलभर सांगून बसलीय, माझी आजी सेमीफायनलला. मी विचारलं, आजीला सही येत नाही ते सांगितलंस का? म्हणते, तेच आधी सांगितलं.

५ फेब्रु.
चाल पाठवली. राजा कोपऱ्यात नेला. दिनेश डोलवीहून फर्स्ट शिफ्ट करून आला, पट बघून म्हणतो, "आये, मोबाईललाच विचारू ना. तो सांगतो बरोबर चाल." स्पर्धेत कोणाला विचारायचं नाही हे माझ्या पोराला माहीत आहे, तरी.
म्हटलं, तुझ्या लग्नात पण बोहल्यावर मोबाईलच उभा करायला हवा होता.
मनीषा लिहायची थांबली.
(मी थांबले नाही. – म.)
थांबली.

७ फेब्रु.
रोहेकराची चाल नाही. एक दिवस उरला. एरवी हा माणूस चहा गाळायच्या आत उत्तर देतो. रजेचे दिवस असतात प्रत्येकाला, ते त्याने मागच्या फेरीतच वापरले. त्याचं प्यादं वजीर व्हायला दोन घरं राहिलीत. जिंकत आलेला माणूस गप्प का बसेल?

८ फेब्रु.
दुपारी त्याची वेळ संपली. मोबाईलवर पट्टी आली, मनीषाने वाचून दाखवली. प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली, विजयाचा दावा करा. खाली हिरवं बटण. दोन दिवसांत दाबलं तर डाव माझा, फायनल माझी. नाही दाबलं तर डाव पुढे चालू.
ती नुकतीच गणपतीच्या कारखान्यातून आलेली, बोटांना पिवळा रंग. बोट बटणाच्या वर.
"दाबू, आई?"
"आधी हात धुऊन ये."

९ फेब्रु.
सकाळपासून भांडण. बरं वाटलं.
दिनेशने ओळखीच्या फिटरला फोन लावला. रोहेकर तिकडच्या एका केमिकल कंपनीत आहे. शटडाऊन चाललाय. प्लांट थांबवून दुरुस्ती, सोळा सोळा तास. मोबाईल गेटवर जमा. घरी येतो तो बुटांसकट आडवा होतो.
मनीषा म्हणाली, "घरी आल्यावर एक बोट हलवता येत नाही? नियम त्यालाही माहीत होता. तुमच्या डोळ्याला पट्टी होती तेव्हा तुम्ही चाल चुकवलीत का? मी घरं सांगत होते, तुम्ही मनात पट मांडून चाल सांगितलीत. वेळेत. तेव्हा तुमच्यासाठी कोण थांबलं होतं?"
बरोबर बोलली. त्या चालीचा मला अजून ताठा आहे. म्हणूनच राग आला.
मग मी मिठागराचं काढलं. ह्यांना तापाने धरलं तेव्हा शेजारच्या माणसांनी आमचं मीठ ओढलं, आणि रास आमच्या बांधावर वेगळी घातली. आपल्या राशीत कोणी मूठभर मिसळलं नाही. रीतच होती, सांगावं लागत नसे. आणि ह्यांनी बरं झाल्यावर पहिलं काय विचारलं, तर पट कुठे ठेवलास? खोपटात फळीवर कोळशाने आखलेल्या पटावर त्यांनीच मला शिकवलं. सहा महिन्यांनी हरवलं त्यांना. दोन दिवस जेवले नाहीत नीट.
दिनेश म्हणतो, "आये, ते मीठ होतं. ही फायनल हाय."
"मग फायनल मिठाहून हलकी हाय का रे?"

१० फेब्रु.
बटण गेलं. दाबलं नाही.
मनीषा दिवसभर बोलली नाही. आता पण लिहिते आहे ती मान खाली घालून. म्हणून खरं सांगते, तुलाही कळू दे. दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा मी मोबाईल हातात घेतला होता. हिरवं बटण ओळखायला अक्षरं लागत नाहीत. बराच वेळ बघत बसले. नातीचं हॉस्टेल डोळ्यांसमोर. शेवटी मोबाईल उशीखाली घातला आणि वर डोकं ठेवून पडले. झोप काही लागली नाही.

१२ फेब्रु.
रोहेकर उगवला! प्यादं एक घर पुढे. सोबत निरोप, मनीषाने दोनदा वाचला. "आजी, शटडाऊन संपला. मी डाव गेला असंच धरलं होतं. तुम्ही दावा केला नाहीत. माझ्याकडून बरोबरी घ्या."
बरोबरी झाली तर आधीच्या फेऱ्यांच्या गुणांवर फायनलला मी जाते. त्याला हे माहीत आहे. जिंकत असून देतोय.
मनीषाचे डोळे भरले. "घ्या आता, आई. देवानेच दिलं."
"देवानं नाय गो. संदीपनं दिलंय."
तीन दिवस आहेत माझ्याकडे. बघते.

१४ फेब्रु.
दोन दिवस पटासमोर. दिनेश दोनदा आला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघून मिटलं. शिकतोय.
आज घोडा दिसला. तिथेच होता इतके दिवस, दावणीला बांधल्यासारखा. मधल्या घरात नेऊन ठेवला. आता रोहेकराने घाईने प्यादं वजीर केलं, तर माझा घोडा राजाला शह देतो आणि पुढच्या चालीला नवा वजीर उचलतो. त्याने आधी राजा बाजूला केला, तर मी संपले. तो शहाणा आहे. पण थकलेला आहे.
बरोबरी नको म्हणून कळवलं. निरोप असा: "संदीपभाऊ, मी तुम्हाला वेळ दिली, डाव नाही दिला. तुम्हीही देऊ नका. आधी झोप काढा, मग खेळा."
मनीषा म्हणते, झोप काढा हे कशाला? झोपून उठला की त्याला घोडा दिसेल.
दिसू दे.
तरी दाबलं तिने. मग विचारते, "आई, तुमच्या नातीचा फोन येईल आता. काय सांगू?"
सांग, आजीची चाल झाली. रोहेकराची व्हायचीय.