छापा माझा होता, भाऊ

प्रिय भाऊ,

तेरवी आटोपली, पाहुणे गेले, आणि काल वहिनीनं तुझी रंगांची पेटी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "पाहा बाई, काय ठेवाचं अन् काय फेकाचं. मले तर काही समजत नाही." पेटीच्या तळाशी, जुन्या धोतरात गुंडाळलेला तो कागद निघाला. म्हणून लिहितेय. तुला आता ऐकू जात नाही, ठाऊक आहे. जिवंतपणी तरी माझं कुठे ऐकत होतास?

तो कागद तू चुलीत घातला होतास ना रे? तूच सांगितलं होतंस!

आठव जरा. धान सोसायटीला आपलं चिन्ह गावोगावच्या भिंतींवर हवं होतं, आणि रंगवायचं काम तुझ्याकडे आलं. एक गोल, आत वाकलेली धानाची लोंबी, बस. नमुना म्हणून काय, तर पत्राच्या माथ्यावर छापलेलं अंगठ्याएवढं चित्र. ते माणसाच्या उंचीचं करायचं. तू चौकटी आखल्यास, एकेक चौकट मोठी करत गेलास, आणि लोंबी पोटुशी दिसायला लागली! तीनदा पुसलीस. वैतागून ब्रश फेकलास.

मी तिथंच तांदूळ निवडत होते. म्हणाले, "भाऊ, हे एक वळण नाही. तीन गोलांचे तुकडे आहेत."

तू हसलास. मी मात्र अंगणात कागद पसरला, खिळा ठोकला, दोरीला पेन्सिल बांधली. पहिल्या गोलाचा मध्य सापडायला अर्धा दिवस गेला. दुसऱ्याचा तर कागदाच्या बाहेर, पार तुळशीजवळ निघाला! तिथून दोरी ताणली आणि रेघ अशी बसली म्हणून सांगू! मग दोन दिवस सुईनं त्या रेघेवर भोकं पाडली, रांगोळीच्या छाप्याला असतात तशी. कागद भिंतीला लावायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची, की चित्र भिंतीवर उतरलं.

एक चूक केली. देठाजवळचा दाणा बारीक काढला. नमुन्यात सगळे दाणे सारखे होते, पण मी धानात वाढलेली पोर. बुडाचा दाणा पोचट राहतो हे माझ्या हाताला माहीत, नकळत तसाच उतरला. तू नेमका तोच धरलास. "चिन्ह म्हणजे चिन्ह, वने! तुया शेतातल्या बांधीतली लोंबी नाही. वाया गेला कागद." दुरुस्त करते म्हटलं, तर म्हणालास, जाळून टाकला.

त्याच आठवड्यात बाबांनी तुला विचारलं. नागपूरच्या ड्रॉइंग मास्तरकीच्या कोर्सचा माझा फॉर्म त्यांच्या हातात होता, फक्त सही राहिली होती. मी दाराआड उभी. "हात आहे का रे तिचा?" आणि तू, माझा सख्खा भाऊ, म्हणालास, "कायले पाठवता, बाबा? तिच्या हातात नेम नाही." बाबांनी फॉर्मची घडी घातली. पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन लाखांदूरला गेले.

एकदा माहेरी येताना एसटीतून शहापूरच्या भिंतीवर चिन्ह दिसलं. देठाजवळचा दाणा बारीक! तुला विचारलं, तर म्हणालास, "छापलेल्यातच तसं होतं. तुले आठवत नाही." आणि मी मानलं रे! वाटलं, माझीच नजर कच्ची. त्यानंतर पोरींना पाटीवर साधा मोर काढून द्यायलाही मी भ्यायले.

काल त्या कागदाला टाचणीनं लावलेला छापील नमुना पाहिला. दाणे सगळे सारखे! आणि माझ्या भोकांत कोळसा असा भरलाय की किती भिंतींवर थोपटलास, देव जाणे. एवढी वर्षं वापरलास, पण तो एक दाणा सुधारायचेही कष्ट घेतले नाहीस!

काहून रे भाऊ? कागद पाहिजे होता तर मागायचास! हसत दिला असता. माझा कोर्स कायले बुडवला? दर भाऊबीजेला माझ्यापुढे ओवाळून घ्यायला बसायचास, तेव्हा काहीच वाटलं नाही तुला? तेरवीला लोक म्हणत होते, "काय हात होता राजेहो!" मी खाली मान घालून भात वाढत राहिले.

खोटं कशाला बोलू, माझ्या हातात पहिला ब्रश तूच दिलास. शाळेतून आले की उरलेला रंग माझ्यासाठी वाटीत काढून ठेवायचास. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आमच्या लाखांदूरला सोसायटीचं नवं गोदाम झालंय. त्यांचा माणूस आज वहिनीकडे आला, "भाऊंचा कागद द्या, भिंत रंगवायची आहे." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कागद घेऊन मीच येते."

तर ऐक. बाजाराच्या दिवशी, साऱ्यांच्या देखत, शिडीवर मी चढणार आहे. चिन्हाखाली तू नाव टाकायचास, तिथं माझं टाकणार, पूर्ण. कोणी विचारलंच, "भाऊनं शिकवलं का?", तर खरं काय ते सांगणार. वहिनी समोर असली तरी सांगणार. एवढा शब्द देते. माफीचा मात्र मागू नकोस, भाऊ. तो अजून माझ्यापाशी नाही.

तुझी बहीण,
वनमाला