तुझी वहिनी ठणठणीत आहे

नवनगर, हुबळी
दि. ९ ऑगस्ट

चि. सौ. वेणूस रघुनाथअण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे आम्ही उभयता (चि. विशाल बेंगळूरला असतो) सुखरूप आहोत. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि परसातील फणस यांची हालहवाल सविस्तर कळवावी. अकरा वर्षांनी हे पत्र का, असे तुझ्या मनात येईल. परवा चि. स्वातीने फोन करून, "आईनं विचारलंय, मामींचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं का?" अशी चौकशी केली. तू स्वतः फोनवर आली नाहीस हे मी समजू शकतो. तू पाठीमागे उभी राहून तिला काय विचारायचे ते सांगत होतीस, तेही मला ऐकू आले. तरी गैरसमज राहू नये म्हणून लेखी कळवितो की, तुझी वहिनी ठणठणीत आहे. तसा अधिकृत अहवाल हुबळीच्या एका मोठ्या रुग्णालयाने दिलेला असून तो आमच्या लोखंडी कपाटात आहे. आजारी मी आहे.

मे महिन्यात माझ्या छातीत डाव्या अंगास, कोटाचा आतला खिसा येतो बरोबर त्या जागी, एक गाठ हाताला लागली. धारवाडच्या डॉक्टर मधुवंती (वयाने आपल्या स्वातीएवढ्याच, परंतु हात स्थिर आहे) यांनी सुई घालून तपासणी केली आणि हा स्तनाचा कर्करोग आहे असे सांगितले. मी पुरुष आहे, ही गोष्ट मी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणून दिली. त्या म्हणाल्या, "ते माझ्या लक्षात आलंय, अज्जा. पण शंभरात एखादा पुरुषही निघतो." (शंभरात एक येण्याचा माझ्या आयुष्यातील हा पहिलाच प्रसंग. चौथीच्या परीक्षेत तसे झाले नव्हते.) गाठ काढली. शेजारीपाजारी हर्निया म्हणून सांगितले. पुढे प्रयोगशाळेतून असे कळले की, काढलेल्या तुकड्याची एक कड साफ नाही. चव्वेचाळीस वर्षे सुभाष रोडवर वकिलांचे काळे कोट बेतले असल्यामुळे कड म्हणजे काय हे मला समजावून द्यावे लागले नाही. आत काही उरले आहे काय, आणि उरले असल्यास नेमके कोठे, हे पाहिल्यावाचून पुन्हा कात्री लावणे बरोबर नव्हे. म्हणून हुबळीस जाऊन छातीचा मॅमोग्राम नावाचा फोटो काढून आणावा, असे ठरले. माझे पुढचे सर्व या एका फोटोवर अवलंबून होते, हे ध्यानात असू दे. कारण माझे त्यानंतरचे वर्तन त्यास साजेसे नाही.

रुग्णालयाच्या खिडकीशी माझा क्रमांक आला आणि आतील मुलीने रुग्णाचे नाव विचारले. त्याच क्षणी माझ्या पाठीमागे श्रीनिधी वकील येऊन उभे राहिले. (त्यांच्या आजोबांचा, वडिलांचा आणि त्यांचा स्वतःचा, असे तिन्ही कोट मी शिवले आहेत. तिघांचेही पोट मी कोटाआड झाकले आणि बाहेर कधी शब्द काढला नाही.) "काय मास्तर, इकडे कुठे?" असे त्यांनी विचारले. तेव्हा मी खिडकीकडे वळून स्पष्ट आवाजात सांगितले, "हेमावती रघुनाथ पिसे, वय एकोणसत्तर." यंत्र रोग पाहते, नाव पाहत नाही, असा माझा विचार होता. तो पूर्णपणे चुकीचा होता असे अजूनही वाटत नाही, परंतु मध्ये माणसे असतात हे मी धरले नव्हते.

नाव पुकारल्यावर सोबत आलेली तुझी वहिनी सवयीने उठली. मीही उठलो. दारातील बाईने मला "गंडसरू होरग कूड्री" असे बजावले. पुरुषांनी बाहेर बसावे असा तेथील नियम असून नियम योग्यच आहे. वहिनी आत जाऊन खुलासा करील, अशा भरवशावर मी बसून राहिलो. वीस मिनिटांनी ती पदर सावरीत बाहेर आली आणि माझ्या शेजारी न बसता समोरच्या बाकावर जाऊन बसली. फोटो तिचा निघाला होता. खुलासा का केला नाहीस असे विचारता ती म्हणाली, "करायला गेले, तर ती पोरगी म्हणाली, अज्जी, श्वास धरा. श्वास धरून खुलासा कसा करायचा ते तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी अहवाल मिळाला. तुझी वहिनी मॅट्रिक आहे (हे ती विसरू देत नाही), तिने तो इंग्रजीतून लावून सांगितला. कोठेही संशयास्पद काही नाही, असे त्यात शेवटी लिहिले होते. खोटे कशाला लिहू, वेणू, कागदावरील नावावर अंगठा ठेवून ते वाक्य मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतले. चौथ्यांदा तिने वाचले नाही. अंगठा उचलला आणि कागद कपाटात ठेवून दिला.

तोपर्यंत श्रीनिधी वकिलांनी सहानुभूतीने ही वार्ता धारवाडच्या कोर्टापासून नवनगरपर्यंत पोचविली होती. (तुमच्या अळणावरास कोणी नेली ते तू जाणतेसच.) भजनी मंडळाच्या बायका शहाळी घेऊन आल्या. ज्या रुग्णास भेटावयाचे तीच चहा करीत आहे हे पाहून त्यांनी तिला ओढून कॉटवर निजविले आणि शाल पांघरली. मग चहा मला करावा लागला. आयुष्यातील पहिलाच. त्या चहावरून आणि माझ्या उतरलेल्या चेहऱ्यावरून, या वयात बायकोची एवढी सेवा करणारा पुरुष पाहिला नाही, असा एकमुखी निर्णय झाला. मी तो नाकारला नाही. वहिनी शालीतून माझ्याकडे पाहत होती. त्या दृष्टीचे वर्णन मी पत्रात करीत नाही. तू तिची नणंद आहेस, तुला ती ठाऊक आहे. बायका गेल्यावर तिने एवढेच म्हटले, "लोकांनी मला आजारी म्हटलं तर म्हणू देत. पण औषध मला लागायचं नाही."

डॉक्टर मधुवंतींसमोर मी तो अहवाल मुकाट्याने ठेवला. (घरातील एक जण तरी निर्दोष आहे एवढे त्यांना कळावे, हा हेतू.) त्यांनी अहवाल पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "अज्जा, मी टाके घातले होते ना? यात शस्त्रक्रियेची खूणही नाही. मी कुणाला कापलं?" मी सर्व सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हा कागद फार चांगला आहे. पण तुमचा नाही."

तेव्हा पुन्हा हुबळी. या खेपेस खिडकीशी माझे नाव सांगितले. पाठीमागे कोण आहे ते पाहिले नाही. आत सोळा बायका आणि मी. वरच्या कर्ण्यातून "रघुनाथ पिसे" असे मोठ्याने पुकारले गेले. मागे 'श्री.' नव्हते. कोटाची बटणे लावून मी उठलो, आणि वाट देण्यासाठी एका म्हाताऱ्या बाईने आपली पिशवी बाजूस घेतली. "जा अण्णा," ती म्हणाली, "माझं दोनदा झालंय. दुखतं थोडं, पण लवकर सोडतात." यंत्रास दोन तक्ते असून त्यांमध्ये छाती धरावयाची असते. मी प्रकृतीने पहिल्यापासून सडपातळ. तक्त्यांना पकडण्याजोगा ऐवज सापडेना. "अज्जा, पुढं या. अजून पुढं. आता श्वास धरा," असे ती मुलगी म्हणत होती. गिऱ्हाइकांना मी उलट सांगत असे, की छाती फुगवू नका, नाहीतर कोट खोटा बसेल. अंगावर दिलेला झगा पाठीवर उघडणारा होता. छाती तपासण्यासाठी पाठ उघडी, असा बेत कोणी केला असेल तो करो. मी त्यांना पुढून नाडीचा नमुना कागदावर काढून दिला आहे. अहवाल हाती आला त्यावर छापले होते, 'मिसेस रघुनाथ पिसे'. त्या विभागातील यंत्र सर्वांना तसेच छापते. तुझ्या आकाशच्या लग्नपत्रिकेत मामाच्या नावामागे 'श्री.' राहिले म्हणून मी अकरा वर्षे तुझ्या दाराशी आलो नाही. येथे 'मिसेस' मिळाले, आणि मी ते निमूटपणे घडी घालून खिशात ठेवले.

असो. वहिनीविषयी काळजी नसावी. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा अण्णा,
रघुनाथ

ता. क. डॉक्टर विचारतात की, पुरुषास हा रोग झाला म्हणजे घरात पूर्वी कोणास होता काय, आई कशाने गेली. मी पोटाचा विकार असे सांगितले, कारण मला तेव्हा तसेच सांगण्यात आले होते. परंतु शेवटचे पाच महिने ती तुझ्याकडे होती, तिला न्हाऊ तू घालीत होतीस. तू काय पाहिलेस ते लाज न धरता लिहून पाठव. पत्त्यावर 'श्री.' घालण्याची तसदी घेऊ नये, पत्र पोचते.

ता. क. २. तू आणि चि. स्वाती, दोघींनी हा फोटो काढून घ्यावयाचा आहे. डॉक्टरांनी दोनदा बजावले आहे. खिडकीशी आपापले नाव सांगावे. सोबतच्या पुडक्यात पुढून नाडीचे दोन झगे आहेत, मऊ सुती कापडाचे. तेथला घालू नये.

ता. क. ३. तुझ्या वहिनीने हे पत्र वाचले. माझ्या फोटोत काय निघाले ते लिहिलेलेच नाही, असे तिचे म्हणणे आहे. कडेस जोंधळ्याच्या दाण्याएवढे काहीतरी उरले आहे. येत्या गुरुवारी पुन्हा कापतात. डॉक्टर म्हणतात, नेमकी जागा कळली हे उत्तम झाले. येण्याचा आग्रह नाही. वहिनी माझ्यापाशी रुग्णालयात असेल आणि घरी चहा करण्यास कोणी नसेल, एवढेच. तुझ्या झग्याचे माप माझ्या वहीतील, अकरा वर्षांपूर्वीचे आहे. दोन्ही अंगांस आत दीड-दीड इंच सोडला आहे. आलीस म्हणजे नवे माप घेईन.