दारातली रांगोळी

मंगळवार, संध्याकाळ
महानगर, लखनौ

लिहिल्याशिवाय चैन पडायचं नाही.

दुपारी बेल वाजली. दारात अनोळखी माणूस. "मैम, चकली लेनी थी. आपकी रील देखता हूँ." मी पत्ता कुणालाच देत नाही, पेजवर फक्त 'महानगर, लखनौ' एवढंच लिहिलंय. चकल्यांची ऑर्डर फोनवर घेते, माल डिलिव्हरीवाला नेतो. रीलमध्ये घराचा नंबर दिसू नये म्हणून माझी लेक सई पाटीवर टॉवेल टाकते. मग हा आला कसा?

विचारलं तर हसला. "पूरी कॉलोनी में रंगोली एक ही दरवाज़े पर है."

आणि आमची प्रत्येक रील त्या रांगोळीवरूनच सुरू होते! सईचीच कल्पना. तिच्यामुळेच तर ऑर्डरी वाढल्या.

जाता जाता म्हणाला, "बिटिया स्कूल से नहीं आई? आज तो देर हो गई."

साधं गिऱ्हाईकच असेल. असेलही. पण पोरीची यायची वेळ त्याला काय करायचीय?

सईला सांगितलं, तर म्हणते, "मम्मी, आप भी ना! फॉलोअर ही तो था." आणि क्लासला गेलीसुद्धा. आठवीतली पोर, तिला काय कळणार?

ती गेल्यावर ओल्या फडक्याने रांगोळी पुसून टाकली. लखनौला आल्यापासून दार एक दिवस रांगोळीवाचून ठेवलं नव्हतं. पुसून झाल्यावर आठवलं, आमच्याकडे घरात कुणी गेलं तरच दारात रांगोळी काढत नाहीत.

त्या कोऱ्या दाराकडे बघवत नाहीये. क्लास केव्हाच सुटला असेल. सई अजून आली नाही.