चार नंबरची मोकळी जागा

३ नोव्हेंबर २०२५

सहावं प्रकरण आजही झालं नाही. चाळीस वर्षं पेपरात गेली. रोज संध्याकाळी आठच्या आत मजकूर, एकदाही उशीर नाही. आणि आता एका प्रकरणाला बारा दिवस!

आधीची पाच झरझर झाली. ‘शिकरा’ — वायुसेनेचं हवाई कसरतींचं पथक. १९७९ साली चार विमानं आणि एक हट्टी स्क्वाड्रन लीडर, एवढ्यावर सुरू झालं. मग सहा विमानं झाली, मग नऊ. दोन पंखांमध्ये माणूस आडवा झोपेल एवढंच अंतर ठेवून उडायचे. १९९३ साली बंद. मराठीत यावर ओळभरही नाही, म्हणून प्रकाशकाने मला गाठलं. दहा डिसेंबरला छपाईला जायचं आहे.

सहावं प्रकरण नागपूरच्या प्रदर्शनाचं. रविवार, ११ डिसेंबर १९८८. मी तिथे होतो. तीच तर अडचण.

४ नोव्हेंबर

ही म्हणाली, "टेबल पुसून पुसून पातळ झालं. लिहून राह्यले का पुसून राह्यले?"

७ नोव्हेंबर

निदान इथे तरी सरळ लिहावं.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. आमचं दैनिक यवतमाळला छापलं जायचं. नागपूरहून बातमी पाठवायची तर पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचं. दोनची गाडी सहाला यवतमाळला पोचायची, आठला पान मशीनवर. प्रदर्शन होतं साडेतीनला. म्हणजे विमानं उडायच्या दीड तास आधी बातमी गाडीत बसलेली हवी.

असं आम्ही सगळेच करायचो. पुढाऱ्याचं भाषण व्हायच्या आधी भाषणाची बातमी तयार. मी आदल्या दिवशीचा सराव बघून ठेवला होता — नऊ विमानं, धुराचे तीन रंग. चार नंबरच्या विमानात आपल्या जिल्ह्यातला पोरगा, फ्लाइट लेफ्टनंट अतुल देठे, बाभुळगावचा. सराव संपल्यावर दोन मिनिटं भेटला. म्हणाला, "उद्या नीट उतरलो तर समजेन, बाभुळगावच्या मातीचं थोडं फेडलं."

मी लिहिलं: ‘विमानातून उतरल्यावर ते म्हणाले, आज बाभुळगावच्या मातीचं थोडं फेडलं.’ याला आम्ही बातमी ताजी करणं म्हणायचो.

पाकीट देऊन मैदानावर परत आलो. साडेतीनला विमानं आली. आठ. चार नंबरची जागा मोकळी. वाटलं, मागून येईल. आलं नाही. वीस मिनिटं ती मोकळी जागा तशीच डोक्यावरून फिरत राहिली — वर गेली, उलटी झाली, खाली आली. लोक टाळ्या वाजवत होते. मी घड्याळ बघत होतो. गाडी तोवर अर्ध्या वाटेवर असणार.

ट्रंक कॉल लावला, लागला सव्वासातला. संपादक म्हणाले, "आठ काय अन् नऊ काय, मोजतं कोण? पान लागलं." मीही जोर केला नाही. दुसऱ्या दिवशी तीन ओळींची दुरुस्ती देता आली असती. दिली नाही.

१२ नोव्हेंबर

लोहाऱ्याला शकीलकडे गेलो. अकरा वर्षं ‘शिकरा’मध्ये मेकॅनिक होता, आता एमआयडीसीत पंप दुरुस्तीचं दुकान. पुस्तकातली निम्मी माहिती त्याचीच. सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "नागपूरला आठच का उडाली रे?"

"देठे साहेबाले सर्दी होती भाऊ. कान बंद. सकाळच्या मीटिंगमध्ये सोताच बोलले — आज मी नाही."

"मग दुसऱ्या कुणाला बसवलं नाही?"

हसला. "एसटीचा ड्रायव्हर समजले काय? एकेक माणूस आठ-आठ महिने एकच जागा शिकते. चार नंबरवाला नसला तं चार नंबरची जागा खालीच. त्या जागेत कोणी घुसत नाही. तसेच उडतेत."

मग त्यांची दुसरी रीत सांगितली. उतरल्यावर सगळे एका खोलीत बसायचे. हुद्दा दाराबाहेर. सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं, आणि ज्याने त्याने पहिल्यांदा आपली चूक सांगायची. आपली चूक लपवणाऱ्याच्या पंखाला पंख लावून कोण उडणार?

"अन् त्याच खोलीत चार-पाच दिसानं तुमच्या यवतमाळचा पेपर आला. कोणीतरी धाडला असन कौतुकानं. एका मराठी साहेबानं वाचून दाखवला. उतरल्यावर देठे साहेब असं बोलले म्हणे! अरे, उडालेच नाही तं उतरले कुठून? लीडरनं विचारलं, तू सांगितलं का हे? देठे साहेब नाही म्हणाले. लीडर म्हणे, मंग पेपरातून दुरुस्ती आण, इथं वाचून दाखव, बात खतम."

"आणली?"

"नाही ना. दोन महिन्यानं बदली मागून घेतली. सामान वाहाच्या विमानावर गेले. काहून गेले, आजपर्यंत समजलं नाही मले. इतका हुशार माणूस! कोण्या कार्ट्यानं लिहिलं होतं ते, अल्ला जाने."

चहा आला. प्यायलो. तो कार्टा मीच, हे सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर

त्या बातमीवर माझं नाव नव्हतं. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ एवढंच. त्या दोन शब्दांमागे किती जण किती वर्षं बसले असतील!

१६ नोव्हेंबर

सहावं सोडून सातवं लिहिलं — पथक बंद पडलं ते. विमानं जुनी झाली होती. जी धड होती ती शिकाऊ वैमानिकांना लागत होती. शेवटच्या प्रदर्शनाला धुराचा रंगही अपुरा होता, म्हणून नुसत्या डिझेलचा पांढरा धूर सोडला. लोकांना तोच जास्त आवडला, असं शकील सांगतो. चांगलं प्रकरण झालं. ज्यात आपण नसतो ते बरं लिहून होतं.

१८ नोव्हेंबर

अतुल देठेंना फोन केला. विंग कमांडर होऊन निवृत्त झाले, आता बाभुळगावला शेती करतात. पुस्तकासाठी भेटायचंय म्हणालो. "या की, शनिवारी." आवाज मोकळा. त्याने जास्तच अवघडलो.

२२ नोव्हेंबर

सकाळच्या बसने बाभुळगावला. घर नवं, सिमेंटचं. ओसरीत वडील सदाशिवराव खुर्चीवर बसलेले. एक्क्याण्णव वर्षांचे, पाठ ताठ. त्यांच्या डोक्यावर भिंतीला फ्रेम. कागद पिवळा पडलाय, पण मथळा लांबूनही वाचता येतो: ‘बाभुळगावच्या सुपुत्राने नागपूर जिंकले’. मथळाही माझाच.

अतुलराव म्हणाले, "चला, वावर दाखवतो." कापसाचा दुसरा वेचा चालू होता. बाया पुढे निघून गेल्यावर धुऱ्यावर, बांधाशी उभं राहून सगळं सांगितलं. दोनची गाडी, पाकीट, उद्याचं आज केलं ते, न दिलेली दुरुस्ती. एका दमात. सदतीस वर्षांच्या गोष्टीला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ते एका बोंडातला कापूस काढत होते. तो काढून झाला तेव्हा बोलले. "तुम्ही होय. नाव छापलं असतं तर बरं झालं असतं. राग कुणावर करायचा तेच इतकी वर्षं कळलं नाही."

"दुरुस्ती मागायला का आला नाहीत?"

"आलो होतो. रजा काढून. तुमच्या कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत. पण आधी घरी गेलो होतो ना! तर ही फ्रेम लागलेली. दुसरी ग्रामपंचायतीत. लोक येऊन बाबांना हार घालत होते. दुरुस्ती आली असती तर याच गावात वाचली गेली असती. देठ्याचा पोरगा उडालाच नाही, फुशारकी मारून गेला — असं म्हटलं असतं लोकांनी. मला चाललं असतं. बाबांना नसतं चाललं."

"ते नागपूरला आले नव्हते?"

"नाही. कापूस घरी यायचा होता. येतो म्हणाले नव्हतेच." मग म्हणाले, "लीडर चांगला माणूस होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण त्या खोलीत रोज बसायचं, आपापल्या चुका सांगायच्या, आणि एक तेवढी सोडून बाकीच्या सांगायच्या — नाही जमलं. मीच उठलो."

‘शिकरा’त त्यांची तीन वर्षं बाकी होती. पुढच्या वर्षी पथक परदेशात जाऊन आलं. चार नंबरवर दुसरा कुणी होता.

मी म्हणालो, आता पुस्तकात खरं लिहितो, माझ्या नावासकट. त्यांनी नाही अशी मान हलवली. "एक करा. बाबा आहेत तोवर नऊच राहू द्या."

परत आलो तर सदाशिवराव म्हणाले, "जेवल्याबिगर जाऊ नका जी. पेपरवाल्याले उपाशी धाडलं तं तो तसंच लिहीन." जेवलो. भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. त्या फ्रेमकडे पाठ करून बसलो.

२४ नोव्हेंबर

तरीही लिहून काढलं. आठ विमानं, एक मोकळी जागा, एक बातमीदार. चार पानं. गेल्या कित्येक वर्षांत इतकं सरळ लिहिलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर

पुन्हा वाचलं. छापावंसं वाटतंय. फार वाटतंय.

२९ नोव्हेंबर

हिला वाचायला दिलं. चष्मा काढून म्हणाली, "चांगलं आहे." मग म्हणाली, "तवा त्यायले न विचारता नऊ लिहिले. आता विचारलं, ते नाही म्हणाले, तरी आठ लिहाल? मंग फरक काय पडला तुमच्यात?"

मी म्हणालो, खरं ते खरं.

"हो. पण हे खरं बोलून तुम्हाले झोप लागन. त्या म्हाताऱ्याचं काय?"

२ डिसेंबर

मधला मार्ग शोधत बसलो. ‘पथकाने नागपूरकरांची मनं जिंकली’ — आकडाच द्यायचा नाही. लिहिलं, खोडलं. विमानांची संख्या न देणारा इतिहास कोण वाचणार? शिवाय ही पळवाट मला चांगली ओळखू येते. आयुष्यभर वापरली आहे.

शकीलला फोन करून सांगितलं, तो कार्टा मी. तो म्हणाला, "भाऊ, माझ्या दुकानात बसून चहा पेले, तवा सांगाचं होतं." फोन ठेवला. तो म्हणतो ते बरोबर आहे.

५ डिसेंबर

सहावं प्रकरण पाठवलं. नऊ विमानं. चार नंबरवर फ्लाइट लेफ्टनंट अतुल देठे.

पहिल्यांदा खोटं लिहिलं ते घाईत. या वेळी महिनाभर विचार करून लिहिलं. मुदतीच्या पाच दिवस आधी.

६ डिसेंबर

अतुलरावांना कळवलं. "उपकार झाले," म्हणाले. हा शब्द त्यांनी वापरायला नको होता.

९ डिसेंबर

सकाळी सदाशिवरावांचा फोन. "अतुल वावरात गेला म्हून लावला. पुस्तकात इमानं किती लिहिले जी तुमी?"

नऊ म्हणालो.

"आठ होते. मी गेलतो ना नागपूरले, त्याले न सांगता. कापूस मजुरायवर सोडून. गर्दीत उभं राहून मोजले, दोनदा. पोरगा भेटला नाही, तं तसाच परत आलो. मंग पेपर आला, लोकायनं लटकवला. तो रजेवर आला तवा मी विचारलं बी, काही सांगतं का बापू? नाही म्हणे. म्हटलं सांगन कवा तरी. तो सांगन म्हून वाट पाहून राह्यलो, अन् तो कागद तसाच राह्यला."

छपाई उद्या आहे, एवढंच म्हणालो.

"मंग आठ लिहा. अतुल वावरातून आला का मीच सांगतो त्याले."